तीन झेंड्यांचे पदक

ब्राँझचे हे गोल पदक हातात घेतले की आधी नजर जाते ती अशोकस्तंभाच्या सिंहांकडे. सोबत भारत, कॅनडा आणि पोलंड या तीन देशांचे झेंडे आणि एक कबुतर. कडेने इंग्रजीत नाव कोरलेले आहे, 'इंटरनॅशनल कमिशन फॉर सुपरव्हिजन अँड कंट्रोल', आणि तळाशी एकच शब्द, 'पीस'. पदक उलटे केले की व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया यांचा नकाशा दिसतो. फितीवर गडद हिरवा, पांढरा आणि लाल असे सारख्या रुंदीचे तीन पट्टे आहेत. हिरवा भारताचा, पांढरा पोलंडचा आणि लाल कॅनडाचा.

शांतिरक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संयुक्त राष्ट्रांचे निळे शिरस्त्राण येते. या पदकावर मात्र संयुक्त राष्ट्रांची कुठलीच खूण नाही, कारण ही मोहीम त्यांची नव्हतीच. ती जिनिव्हातल्या एका करारातून जन्मली, तिचे अध्यक्षपद पहिल्या दिवसापासून भारताकडे होते आणि १९५४पासून जवळजवळ दोन दशके ती इंडोचायनात तग धरून राहिली. शीतयुद्धाच्या ऐन भरात पाश्चात्त्य गटातला एक, साम्यवादी गटातला एक आणि अलिप्त असा एक, अशा तीन देशांचे अधिकारी एकाच जीपमधून एकाच रस्त्याने फिरत आणि एकाच घटनेचा तपास करत. या आयोगाला व्हिएतनामचे युद्ध थांबवता आले नाही, आणि तेवढ्यावर त्याला अपयशाचा शिक्का मारून इतिहास पुढे जातो. तो शिक्का घाईचा आहे असे मला वाटते. निरीक्षकांकडून काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही, हे समजून घ्यायला या आयोगाइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण.

जिनिव्हातील तोडगा

७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्याने हार पत्करली. दुसऱ्याच दिवशी जिनिव्हातल्या परिषदेत इंडोचायनाच्या प्रश्नावर चर्चा सुरू झाली. फ्रान्सचे नवे पंतप्रधान पिएर मेंदेस-फ्रान्स यांनी २० जुलैपर्यंत तोडगा निघाला नाही तर राजीनामा देईन, असे जाहीर करून टाकले होते. करारांवर त्यामुळे २० जुलै ही तारीख पडली. प्रत्यक्षात सह्या होईपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती.

कराराने व्हिएतनामची साधारण १७व्या अक्षांशावर, बेन हाय नदीच्या काठाने, तात्पुरती विभागणी केली. रेषेच्या दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त पाच किलोमीटरचा पट्टा सैन्यमुक्त ठरला. फ्रेंचांशी लढणाऱ्या हो ची मिन्ह यांच्या फौजांनी उत्तरेला आणि फ्रेंच फौजांनी दक्षिणेला जायचे, त्यासाठी तीनशे दिवसांची मुदत, आणि तेवढ्याच मुदतीत ज्या नागरिकाला बाजू बदलायची असेल त्यालाही मोकळीक. दोन वर्षांनी, जुलै १९५६मध्ये, निवडणुका घेऊन देश पुन्हा एक करायचा. एवढे सगळे नीट पार पडते आहे का, हे पाहण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय आयोगावर टाकली गेली. लाओस आणि कंबोडियासाठी असेच दोन वेगळे आयोग नेमले गेले.

एक गोष्ट तेव्हाच खटकण्याजोगी होती. अमेरिका आणि दक्षिणेतले बाओ दाई यांचे सरकार या दोघांनीही परिषदेच्या अंतिम जाहीरनाम्याला संमती दिली नाही. ज्या दोघांच्या हाती दक्षिणेचे भवितव्य जाणार होते, तेच कराराच्या बाहेर राहिले. आयोगाच्या पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे.

हेच तीन देश का?

जिनिव्हाच्या वाटाघाटींत भारत अधिकृत सहभागी नव्हता. तरी व्ही. के. कृष्ण मेनन तिथे ठाण मांडून होते आणि सगळ्या शिष्टमंडळांशी त्यांची बोलणी चालू होती. निरीक्षक कोण असावेत यावर बरीच खेचाखेच झाली आणि अखेरच्या दिवसांत भारत, कॅनडा आणि पोलंड ही नावे नक्की झाली. दोन्ही गटांचा एकेक प्रतिनिधी आणि दोघांनाही चालेल असा तिसरा, ही त्यामागची सरळ मांडणी.

भारताच्या नावाला वजन आले होते ते आदल्या वर्षीच्या कोरियातल्या कामगिरीने. कोरियाच्या युद्धबंदीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचे काय करायचे, हा पेच भारताच्या गळ्यात पडला होता. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि कैद्यांची प्रत्यक्ष राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. छावण्यांत साम्यवादी आणि साम्यवादविरोधी यांचे वैर धगधगत होते. थोरातांच्या जवानांनी तिथे जो संयम दाखवला त्याची जगाने दखल घेतली. स्वतंत्र होऊन सात वर्षेही न झालेल्या देशाच्या सैन्याने परक्या भूमीवर मिळवलेली ही पत इंडोचायनात कामी आली.

ऑगस्ट १९५४च्या पहिल्या आठवड्यात नवी दिल्लीत तिन्ही देशांची पूर्वतयारीची बैठक झाली आणि ११ ऑगस्टला हनोईत आयोगाचे काम सुरू झाले. व्हिएतनाम आयोगाचे अध्यक्ष होते एम. जे. देसाई, कंबोडियात जी. पार्थसारथी आणि लाओसमध्ये जे. एन. खोसला. सचिवालय, टपाल आणि दैनंदिन व्यवस्थेचा मोठा भार भारतानेच उचलला.

चौदा ठाणी

करारात निरीक्षकांच्या ठाण्यांची नावे एकेक करून लिहिलेली होती. उत्तरेत लाओ काय, लांग सोन, तिएन येन, हायफाँग, विन्ह, दाँग होई आणि मुओंग सेन. दक्षिणेत तुरान (आजचे दा नांग), क्वी न्योन, न्या त्रांग, बा न्गोई, सायगाव, काप सां-जाक (आजचे वुंग ताऊ) आणि तान चाऊ. नकाशावर ही नावे पाहिली की निवड कशी केली ते ध्यानात येते. परदेशी शस्त्रे आणि सैनिक आत येण्याचे जेवढे दरवाजे, म्हणजे बंदरे, सरहद्दीवरची गावे आणि नदीवरची नाकी, तेवढ्या ठिकाणी माणसे बसवली होती.

प्रत्येक ठाण्यावर तिन्ही देशांचे अधिकारी सारख्या संख्येने. त्यांच्या जोडीला फिरती पथके. बंदरात जहाज लागले की त्यातून काय उतरते ते पाहायचे. कराराने नवी युद्धसामग्री आणायला बंदी केली होती. निकामी झालेल्या वस्तूच्या जागी त्याच प्रकारची दुसरी आणता येई. तेव्हा आलेली तोफ खरोखर जुन्या तोफेच्या जागी आली आहे का, हे तपासणे हेही पथकाचेच काम. कुठे तक्रार आली की तिथे जायचे, साक्षी घ्यायच्या, तिघांनी मिळून अहवाल लिहायचा आणि तो आयोगाकडे पाठवायचा.

नियमांत एक मेख होती. आपल्या ठरलेल्या पट्ट्यात पथकाला मोकळेपणाने फिरता येई, पण त्याबाहेर जायचे तर त्या भागातल्या लष्करी अधिकाऱ्यांची संमती लागे. गाडी, होडी, दुभाषी आणि सोबतीचा संपर्क अधिकारी यांसाठी पथकाला बहुधा त्याच पक्षाच्या तोंडाकडे पाहावे लागे, ज्याच्यावर नजर ठेवायची. एखाद्या पक्षाने आयोगाची शिफारस झुगारली तर आयोगाने काय करायचे? जिनिव्हा परिषदेच्या सदस्य राष्ट्रांना कळवायचे. एवढेच. गावात बांधाचा तंटा सोडवायला पंच बसवावेत, त्यांना खुंटा हलवायचा अधिकार देऊ नये आणि खुंटा हलला की दोष मात्र त्यांना द्यावा, तशी ही व्यवस्था होती.

ठाण्यांवरचे आयुष्य कष्टाचे होते. सरहद्दीवरच्या डोंगराळ गावांत पाऊस, मलेरिया आणि एकटेपणा यांना तोंड द्यावे लागे. अशा ठिकाणी घरच्या पत्राचे मोल काय असेल ते सांगायला नको. ती पत्रे भारतीय सैनिकी टपालातून जात. त्यासाठी भारत सरकारने १९५४च्या डिसेंबरात आपल्या चालू तिकिटांवर खास छपाई केली. देवनागरीत 'अन्तर्राष्ट्रीय आयोग' आणि त्याखाली वियतनाम, लाओस किंवा कम्बोज. त्यातले सर्वांत स्वस्त, तीन पैचे तिकीट अजिंठ्याच्या चित्राचे होते. अजिंठ्याचे चित्र आणि देवनागरी अक्षरे असलेली ही पाकिटे हनोई आणि फ्नोम पेन्हमधून निघत. आज तिकीटसंग्राहक ती जपून ठेवतात.

तीनशे दिवस

आयोगाची खरी कसोटी पहिल्याच वर्षात लागली. १० ऑक्टोबर १९५४ रोजी हनोई शहर फ्रेंचांकडून हो ची मिन्ह यांच्या सरकारकडे सोपवले गेले. आठ वर्षे एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या दोन सैन्यांनी एकाच शहरात, ठरलेल्या वेळी जागा बदलायची होती. एक गोळी चुकून सुटली असती तरी आगडोंब उसळला असता. हस्तांतर सुरळीत झाले. आठवड्याभरात पंडित नेहरू हनोईला पोहोचले. मे १९५५मध्ये फ्रेंचांनी हायफाँगही सोडले आणि तीनशे दिवसांची मुदत संपता संपता दोन्ही फौजा आपापल्या बाजूला पोहोचल्या होत्या.

त्याच काळात सामान्य माणसांचा लोंढा वाहत होता. उत्तरेतून दक्षिणेला आठ-नऊ लाख लोक गेले. त्यांत कॅथॉलिक कुटुंबे बहुसंख्य होती. दक्षिणेतून उत्तरेला जाणाऱ्यांत मुख्यतः सैनिक, कार्यकर्ते आणि त्यांची कुटुंबे होती. कागदावर सर्वांना जाण्याची मोकळीक होती. प्रत्यक्षात परवाने अडवले जात, वाटेत नाकी लागत, धाकदपटशा चाले. १९५४च्या अखेरीला उत्तरेतल्या फात दिएम या कॅथॉलिक वस्तीच्या गावात हजारो माणसे गोळा झाली. त्यांना दक्षिणेला जायचे होते आणि वाट मिळत नव्हती. आयोगाचे फिरते पथक तिथे पोहोचले, त्याने लोकांचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्यांच्या जाण्याचा प्रश्न अधिकाऱ्यांपुढे लावून धरला. अशा तक्रारी दोन्ही बाजूंनी येत राहिल्या. मुदत अपुरी पडते आहे हे दिसल्यावर दोन्ही पक्षांच्या संमतीने नागरिकांसाठी ती २० जुलै १९५५पर्यंत वाढवण्यात आली.

ज्याला परवाना मिळाला आणि जो आपल्या माणसांत जाऊन पोहोचला, त्याच्या आयुष्यात आयोगाने केलेला फरक खरा होता. इतिहासाच्या मोठ्या हिशेबात हा फरक दिसेनासा होतो, म्हणून तो इथे मुद्दाम सांगितला.

दोन निवडणुका

कंबोडियातही निवडणूक ठरली होती आणि तिथे ती सप्टेंबर १९५५मध्ये झाली. लढाऊ गट मोडले गेले, परदेशी फौजा गेल्या आणि आयोगाला तुलनेने शांतपणे काम करता आले. व्हिएतनाममध्ये जुलै १९५६ची निवडणूक झालीच नाही. दक्षिणेत सत्तेवर आलेले न्गो दिन्ह दिएम म्हणाले, आम्ही करारावर सही केलेली नाही, तेव्हा तो आम्हाला बंधनकारक नाही. उत्तरेत खुली निवडणूक होऊच शकत नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. फ्रेंच तर निघून गेले होते. ज्याने करार केला तो गेला आणि जो उरला त्याने करार मानला नाही.

दोन्ही देशांत आयोगाची रचना एक, अधिकार जवळपास सारखे, अध्यक्ष देशही तोच. एके ठिकाणी काम पार पडले, दुसरीकडे अडले. फरक होता तो पक्षांच्या इच्छेत. निरीक्षक शांतता निर्माण करत नाहीत. दोन्ही बाजूंना ती हवी असेल तर टिकवायला मदत करतात, एवढाच या तुलनेचा अर्थ.

डोळ्यांदेखत

१९५८मध्ये आयोगाचे मुख्यालय हनोईहून सायगावला आले. दक्षिणेत बंडाळी पेटत होती. उत्तरेतून माणसे आणि शस्त्रे चोरवाटांनी येत होती; दुसरीकडे दक्षिणेला मिळणारी अमेरिकी मदत वाढत होती. ११ डिसेंबर १९६१ रोजी 'कोर' नावाचे अमेरिकी जहाज सायगाव नदीतून थेट शहरात येऊन धक्क्याला लागले. डेकवर तेहतीस हेलिकॉप्टर होती आणि बरोबर ती चालवणारी, सांभाळणारी सुमारे चारशे माणसे. शहरातला कोणीही मान वर करून पाहू शकत होता. आयोगाचे मुख्यालय त्याच शहरात.

अशा वेळी निरीक्षकांनी काय करायचे? त्यांनी लिहिले. २ जून १९६२च्या विशेष अहवालात आयोगाने दोन्ही बाजूंना दोषी धरले. दक्षिणेतले सरकार उलथवण्यासाठी उत्तरेतून माणसे आणि शस्त्रे पाठवली जातात, हा एक निष्कर्ष. दक्षिणेने अमेरिकेची वाढीव लष्करी मदत घेऊन कराराचा भंग केला आणि तिच्याशी प्रत्यक्षात लष्करी युतीच केली, हा दुसरा. भारत आणि कॅनडाने मिळून हा अहवाल दिला, पोलंडने आपली असहमती नोंदवली. १९६५च्या फेब्रुवारीत उत्तरेवर बाँबहल्ले सुरू झाल्यावर पुन्हा विशेष अहवाल गेला. त्या वेळी कॅनडाने आपले म्हणणे वेगळे मांडले. बाँबवर्षावात सुरक्षिततेची हमी देता येत नाही, असे हनोईने सांगितल्यावर उत्तरेतली ठाणी उठली.

तिन्ही देशांचे अधिकारी आपापल्या गटाच्या दबावाखाली होते, हे लपवण्यात अर्थ नाही. १९६४मध्ये आयोगातले कॅनडाचे प्रतिनिधी ब्लेअर सीबॉर्न अमेरिकेचे निरोप घेऊन हनोईला जात होते. १९६६मध्ये पोलंडचे यानुश लेवांदोव्स्की यांनी वाटाघाटींचा एक गुप्त प्रयत्न केला. वॉशिंग्टन आणि हनोई यांच्यात थेट बोलणे नसताना आयोगाचे असणे हाच एक संवादाचा धागा उरला होता. भारतावर कधी एका बाजूकडून तर कधी दुसऱ्या बाजूकडून पक्षपाताचा आरोप होई. दोन्ही बाजूंच्या चुका एकाच कागदावर लिहिणारा दोघांनाही नकोसा होतो, हे अध्यक्षपदाचे ओझे होते.

न परतलेले विमान

युद्धाच्या काळात सायगाव, फ्नोम पेन्ह, व्हिएंतियान आणि हनोई या चार शहरांना जोडणारे आयोगाचे विमान ठरलेल्या मार्गाने जात-येत असे. त्यासाठी जुनी बोइंग स्ट्रॅटोलायनर विमाने वापरली जात. आतल्या हवेचा दाब राखणारे हे पहिले प्रवासी विमान. ती एकूण दहाच बनली होती. वैमानिक फ्रेंच असत. खाली युद्ध चालू असताना वरून जाणारे हे विमान दोन्ही बाजूंनी सोडून द्यायचे, असा शिरस्ता होता.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी असेच एक विमान व्हिएंतियानहून हनोईकडे निघाले आणि पोहोचलेच नाही. त्यात आयोगाचे नऊ जण होते. पाच भारतीय, तीन कॅनेडियन, एक पोलिश. शिवाय चार फ्रेंच कर्मचारी. तेरा जणांचा आणि विमानाचा शोध लागला नाही. हे पाच भारतीय कुठल्या लढाईत पडले नाहीत. दुसऱ्यांची लढाई थांबावी म्हणून नेमलेल्या कामावर ते होते. त्यांच्या घरच्यांना शेवटचे दर्शनही मिळाले नाही. आपल्या हुतात्म्यांच्या आठवणीत त्यांना जागा असायला हवी.

नव्वद दिवसांची सेवा

सुरुवातीला वर्णन केलेले पदक मिळायला आयोगाच्या कामावर नव्वद दिवस सेवा पुरी करावी लागे. शौर्याची अट नव्हती, पदाची नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी आपल्या निरीक्षकांसाठी असे पदक जुलै १९५९मध्ये, दाग हामरशोल्ड महासचिव असताना, सुरू केले. पुढे संयुक्त राष्ट्रांचे चिन्ह, मागे 'शांततेच्या सेवेत' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. पॅलेस्टाइनमध्ये १९४८पासून काम करणाऱ्या निरीक्षकांच्या निळ्या फितीवर दोन बारीक पांढऱ्या रेघा असतात. सिनाईतल्या दलाच्या फितीला वाळूचा रंग. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांतही आज बहुतांशी नव्वद दिवसांचाच नियम आहे. भारतानेही परदेशात सेवा केलेल्या आपल्या जवानांसाठी १९६०मध्ये विदेश सेवा पदक सुरू केले आणि इंडोचायनात गेलेल्यांना त्यावर त्या नावाची पट्टी मिळाली.

लढाईच्या पदकांमागे एखादा विजय, एखादी टेकडी, एखादा दिवस असतो. निरीक्षकाच्या पदकामागे असते ती हजेरी. बंदरावर उभे राहून खोके मोजणे, गावात जाऊन रडणाऱ्या बाईचा जबाब लिहून घेणे, ज्याचे राजकारण पटत नाही त्या सहकाऱ्याबरोबर एकाच कागदावर सही करणे. हे काम दिसत नाही म्हणून त्याला पदक हवे, असे मला ठामपणे वाटते.

हिशेब

कंबोडियातला आयोग १९६९च्या अखेरीस थांबला. जानेवारी १९७२मध्ये भारताने हनोईशी असलेले संबंध राजदूत पातळीवर नेले आणि सायगाव सरकारचा रोष ओढवून घेतला. २७ जानेवारी १९७३च्या पॅरिस करारानंतर व्हिएतनाममधल्या जुन्या आयोगाची जागा नव्या आयोगाने घेतली. त्यात कॅनडा, पोलंड, हंगेरी आणि इंडोनेशिया होते; भारत नव्हता. या नव्या आयोगाचाही अनुभव तोच आला आणि कॅनडा काही महिन्यांतच बाहेर पडला. दोन वर्षांनी युद्धाचा शेवट रणगाड्यांनीच केला.

मग या आयोगाने मिळवले काय? दोन सैन्ये एकमेकांपासून सोडवून रक्तपात न होता आपापल्या बाजूला नेली. लाखो माणसांच्या स्थलांतरावर लक्ष ठेवले आणि अडलेल्यांची दाद लावली. कंबोडियात करार पार पाडायला मदत केली. आणि जिथे काहीच करता आले नाही, तिथे काय घडले ते तिघांच्या मतभेदांसह लिहून ठेवले. १९६२चा अहवाल आज वाचणाऱ्याला दोन्ही बाजूंनी करार कसा मोडला हे एकाच ठिकाणी सापडते, तेही युद्धाचा भडका उडण्याच्या तीन वर्षे आधी. तो तेव्हा मोठ्या सत्तांनी मनावर घेतला असता तर पुढची लाखो माणसे वाचली असती का, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. पण इशारा दिला गेला नव्हता, असे मात्र कोणालाच म्हणता येणार नाही.

आजही लेबनॉनपासून काश्मीरपर्यंत निरीक्षक आहेत, आणि कुठे गोळीबार झाला की 'हे लोक तिथे करतात काय?' हा प्रश्न हमखास येतो. तो प्रश्न निरीक्षकांना विचारण्याआधी त्यांना पाठवणाऱ्यांना विचारावा. फिरायला गाडी कोणाची दिली? कुठे जायची मोकळीक दिली? त्यांनी लिहिलेला अहवाल कोणी वाचला? इंडोचायनातल्या आयोगाने आपल्या वाट्याचे काम जेवढे हाती दिले होते तेवढे केले. उरलेले काम ज्यांचे होते, त्यांनी ते केले नाही.